मनीऑर्डरचा फॉर्म कोणत्या भाषेत छापायचा?

१. हिंजवडीतलं रोजचं भांडण

“हिंदी आपली राष्ट्रभाषा आहे ना? मग बोलायला काय हरकत आहे?”

हिंजवडीत हा प्रश्न रिक्षाच्या रांगेत ऐकू येतो, सोसायटीच्या बैठकीत ऐकू येतो, बँकेच्या काउंटरवरही ऐकू येतो. त्याचं उत्तरही ठरलेलं असतं: “महाराष्ट्रात राहता, मराठी शिका.” मग आवाज चढतात, कोणीतरी मोबाइल काढून चित्रीकरण सुरू करतं आणि मूळ प्रश्न तसाच राहून जातो.

मुळशी तालुक्यात हा प्रश्न उघडा पडतो, कारण इथे एकाच तालुक्यात भाषांची तीन राज्यं नांदतात. हिंजवडी आणि माणच्या आयटी पार्कात मुलाखत आणि मीटिंग इंग्रजीत होते. चहाच्या टपरीवर हिंदी चालते. पौडला तहसील कार्यालयात सातबारा, फेरफार, ग्रामसभेचा ठराव हे सगळं मराठीत. आणि मुळशी धरणाच्या कडेने ताम्हिणीकडे गेलं की कातकरी वाड्यांवर घरात कातकरी बोली. पुस्तकातली मराठी या वाडीवरच्या मुलाच्या कानावर पहिल्यांदा नीट पडते ती शाळेतच.

अशा देशात एक राष्ट्रभाषा असावी का, आणि असली तर तिने नेमकं काय करावं? या प्रश्नाचा आपल्या उपखंडातला सगळ्यांत मोठा प्रयोग हिंदीवर झालेला नाही, तो उर्दूवर झाला. त्या प्रयोगाची बरीच पूर्वतयारी आजच्या महाराष्ट्रात, औरंगाबादेत झाली, हे मात्र आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही. म्हणून हे प्रकरण हिंजवडीत सुरू करून औरंगाबाद, ढाका, कराची आणि अकोला जिल्ह्यातलं पातूर असं फिरवून पुन्हा मुळशीत आणायचं आहे.

२. आधी तीन कामं वेगळी करू

एका भाषेवर आपण तीन निरनिराळी कामं लादतो आणि तिन्हींना एकच नाव देतो. गोंधळाचं मूळ तिथे आहे.

पहिलं काम कारभाराचं. कायदा, आदेश, न्यायालय, अर्ज हे ज्या भाषेत चालतात ती राजभाषा. राज्यघटनेच्या कलम ३४३ प्रमाणे देवनागरी लिपीतली हिंदी ही केंद्र सरकारची राजभाषा आहे. इंग्रजी सुरुवातीला पंधरा वर्षांसाठी सोबत ठेवली होती. १९६३च्या राजभाषा कायद्याने ती पुढेही चालू राहिली. कलम ३४५ प्रमाणे प्रत्येक राज्य आपली राजभाषा ठरवतं. महाराष्ट्राने १९६४च्या कायद्याने मराठी ठरवली.

दुसरं काम संपर्काचं. केरळची परिचारिका आणि बिहारचा सुतार पुण्यात भेटले तर बोलणार कशात? ही भाषा कोणी नेमत नाही. बाजार, रेल्वे, सैन्य आणि सिनेमा मिळून ती घडवतात. मुळशीतून पुण्यात शिरणाऱ्या बहुतेकांना चांदणी चौक लागतो. तिथे सगळ्या दिशांची माणसं एकमेकांना ओलांडून जातात, पण चौकात कोणी घर करून राहत नाही आणि चौकातून गेलात म्हणून घर सोडा असं कोणी सांगत नाही. संपर्कभाषेचं काम एवढंच.

तिसरं काम प्रतिष्ठेचं: राष्ट्राची खूण म्हणून एक भाषा. झेंडा असतो, राष्ट्रगीत असतं, तशी राष्ट्रभाषा. भारताच्या घटनेत या तिसऱ्या कामावर एकही भाषा नेमलेली नाही. आठव्या अनुसूचीत सुरुवातीला १४ भाषा होत्या, आज २२ आहेत. मराठी, हिंदी, उर्दू त्यात एकाच ओळीत बसतात. वस्तूंच्या वेष्टनावरचा मजकूर हिंदीत छापण्याची सक्ती करावी, अशी मागणी गुजरात उच्च न्यायालयापुढे आली होती. त्या वेळी, २०१०मध्ये, न्यायालयाने सांगितलं की हिंदीला राष्ट्रभाषा ठरवणारी तरतूद किंवा आदेश नोंदीवर नाही.

म्हणजे हिंजवडीतल्या प्रश्नाचं कायद्यातलं उत्तर एका ओळीचं आहे. भारताला राष्ट्रभाषा नाही.

३. मग हा समज आला कुठून?

तोही बराचसा महाराष्ट्रातूनच आला. १९३६मध्ये वर्ध्याला राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. पुण्यात महाराष्ट्र राष्ट्रभाषा सभा उभी राहिली. पिढ्यान् पिढ्या मराठी मुलांनी ‘राष्ट्रभाषेच्या परीक्षा’ दिल्या, प्रमाणपत्रं भिंतीवर लावली. परीक्षेच्या नावातच राष्ट्रभाषा असेल तर पोर दुसरं काय समजणार? स्वातंत्र्याच्या चळवळीतलं ते स्वप्न होतं. घटनेने ते स्वीकारलं नाही, नाव मात्र टिकलं.

गांधीजींच्या मनातली राष्ट्रभाषा आजच्या शुद्ध हिंदीसारखी नव्हती. त्यांना हिंदुस्थानी हवी होती: उत्तरेत बोलली जाणारी, हिंदी आणि उर्दू दोन्हींना सामावणारी, नागरी आणि उर्दू अशा दोन्ही लिप्यांत लिहिली जाणारी. त्यासाठी १९४२मध्ये वर्ध्यातच हिंदुस्थानी प्रचार सभा निघाली. साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर त्या कामात आघाडीवर होते. लिपीच्याच वादावरून गांधीजी १९४५मध्ये हिंदी साहित्य संमेलनातून बाहेर पडले. पुढे फाळणी झाली आणि हिंदुस्थानीचा आवाज बसला. १४ सप्टेंबर १९४९ रोजी घटना समितीने तडजोड म्हणून हिंदीला केंद्राची राजभाषा केलं, राष्ट्रभाषा हे नाव टाळलं. हे टाळणं मला घटनाकारांचं मोठं शहाणपण वाटतं. का, ते पुढे दिसेल.

४. औरंगाबादचे मौलवी अब्दुल हक

उर्दू ही उत्तरेची आणि मुसलमानांची, असं आपण सहज म्हणून टाकतो. पण उर्दू कवितेच्या पायाभरणीत ज्यांचं नाव पहिल्या फळीत घेतलं जातं ते वली औरंगाबादी (१६६७–१७०७) दख्खनचे. त्यांच्यानंतरचे सिराज औरंगाबादीही इथलेच. दख्खनी बोली मराठी, तेलुगू, कन्नड यांच्या शेजारात वाढली.

विसाव्या शतकात या शहराला आणखी एक माणूस मिळाला. मेरठजवळच्या हापूडचे मौलवी अब्दुल हक निजामाच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. १९१२मध्ये ते ‘अंजुमन तरक्की-ए-उर्दू’ या संस्थेचे सचिव झाले आणि संस्थेचं बिऱ्हाड औरंगाबादला आलं. १९२१मध्ये ‘उर्दू’ नावाचं त्रैमासिक इथूनच निघालं. शब्दकोश, जुन्या हस्तलिखितांचं संपादन, परिभाषा ही सगळी कामं औरंगाबादेत चालत. मराठीवर फारसीचा किती परिणाम झाला यावरही त्यांनी १९३३मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिलं. शेजारच्या भाषेकडे लक्ष असलेला हा विद्वान होता.

१९३८मध्ये संस्था दिल्लीला गेली आणि फाळणीनंतर अब्दुल हक कराचीला. तिथे त्यांनी १९४९मध्ये उर्दू कॉलेज काढलं. ‘बाबा-ए-उर्दू’ ही त्यांची पदवी आजही पाकिस्तानात आदराने घेतली जाते. पाकिस्तानात उर्दूच राष्ट्रभाषा हवी, हा आग्रह धरणाऱ्यांत ते अग्रभागी होते. औरंगाबादेत प्रेमाने जोपासलेली भाषा कराचीत सत्तेच्या हातात कशी गेली, हे समजून घ्यायचं तर आधी निजामाच्या मराठवाड्यात थोडं थांबावं लागेल.

५. निजामी मराठवाड्यातलं पोर

हैदराबाद संस्थानातल्या शंभर माणसांची कल्पना करा. १९३१च्या जनगणनेच्या हिशेबाने त्यातली अठ्ठेचाळीसेक तेलुगू, सव्वीसेक मराठी, अकराएक कन्नड बोलणारी आणि दहाच्या आसपास उर्दू. पूर्वी दरबाराची भाषा फारसी होती. १८८०च्या दशकात तिच्या जागी उर्दू आली. कचेरी, न्यायालय, पोलीस सगळीकडे उर्दू. निजामाच्या चलनी नोटेवर रक्कम मराठी, तेलुगू आणि कन्नडातही छापलेली असे. कोर्टात मात्र मराठीला जागा नव्हती.

१९१८मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देणाऱ्या देशातल्या पहिल्या आधुनिक विद्यापीठांपैकी हे एक. त्यासाठी एक भाषांतर विभाग आधीच उभा केला होता आणि त्याची सुरुवातीची धुरा याच अब्दुल हकांकडे होती. पदार्थविज्ञान, कायदा, वैद्यक, अभियांत्रिकी, सगळं उर्दूतून. इंग्रजीशिवाय डॉक्टर घडूच शकत नाही असं आज छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हा इतिहास जरूर वाचावा. शंभर वर्षांपूर्वी हैदराबादेत डॉक्टर उर्दूतून शिकत होते. शिक्षणाचा प्रयोग म्हणून तो धाडसी होता.

पण आता एक साधा हिशेब करू. बीडजवळच्या खेड्यातलं एक मराठी पोर आणि हैदराबाद शहरातलं एक उर्दूभाषी पोर, दोघं सारखेच हुशार. शहरातल्या पोराला भूगोल शिकायचा म्हणजे भूगोल शिकायचा. बीडच्या पोराला आधी उजवीकडून डावीकडे वाचायला शिकायचं, मग ती भाषा, मग त्या भाषेतला भूगोल. एका पोराला एका विषयाची मेहनत, दुसऱ्याला तीन विषयांची. गुण मात्र एकाच कागदावर. दहा वर्षांनी नोकरभरती झाली की निकाल लागतो आणि अधिकारी म्हणतात, काय करणार, मराठी उमेदवार लायकच मिळत नाहीत.

यात धर्माचा पैलू होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण फक्त धर्म म्हटलं की चित्र अपुरं राहतं. मराठवाड्यातला मुसलमान शेतकरी, विणकर घरी दख्खनी किंवा मराठीच बोलत असे; उस्मानियातली फारसी-अरबी वळणाची पुस्तकी उर्दू त्यालाही परकीच होती. उलट बाजूला सेतुमाधवराव पगडींसारखे मराठी लोकही होते. निलंग्यात जन्मलेल्या पगडींनी निजामाच्या सेवेत अधिकारपदं सांभाळली, उर्दूवर प्रभुत्व मिळवलं आणि उर्दू काव्याची ओळख मराठी वाचकांना करून दिली. म्हणजे भाषा शिकायला मराठी माणूस तयार होता. आपल्या भाषेतून शिकायची शाळा काढायला सरकारी परवानगीसाठी खेटे का घालावेत, हे त्याला कळत नव्हतं. अंबाजोगाईची योगेश्वरी, औरंगाबादची सरस्वती भुवन, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा या मराठी शाळा हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या कार्यकर्त्यांची केंद्रं झाल्या. हिप्परग्याची आणि नंतर अंबाजोगाईची शाळा सांभाळणारे स्वामी रामानंद तीर्थ पुढे त्या लढ्याचे नेते झाले.

सप्टेंबर १९४८मध्ये संस्थान भारतात आलं आणि पुढच्या काही वर्षांत उस्मानियाचं माध्यम इंग्रजी झालं. ज्यांनी आयुष्याची तीस वर्षं उर्दूत टिपणं लिहिली त्या कारकुनांचं भांडवल बुडालं. त्यात मराठी, तेलुगू कारकूनही होते. राज्य बदललं की त्याने लादलेल्या भाषेचं ओझं वाहणारे सगळ्यात आधी मोडतात, मग ते कोणत्याही गटाचे असोत.

६. ढाक्याच्या टपाल कचेरीत

आता हाच प्रयोग कितीतरी मोठ्या प्रमाणावर.

१९४७मध्ये पाकिस्तान झालं तेव्हा त्याच्या शंभर नागरिकांतले निम्म्याहून जास्त बंगाली बोलत होते. पंजाबी त्याखालोखाल. उर्दू मातृभाषा असलेले सातेक, आणि त्यातलेही पुष्कळ भारतातून गेलेले निर्वासित. नव्या सरकारला वाटलं, इतक्या विखुरलेल्या देशाला बांधायला एक भाषा लागेल. उर्दू कोणत्याच प्रांताची नाही, म्हणून ती सगळ्यांची. कागदावर ही मांडणी वाईट नव्हती.

पण सुरुवात झाली ती टपालापासून. नवी पाकिटं, तिकिटं, मनीऑर्डरचे फॉर्म आले ते उर्दू आणि इंग्रजीत. बंगाली गायब. फेब्रुवारी १९४८मध्ये कराचीत घटना समितीच्या बैठकीत पूर्व बंगालचे सदस्य धीरेंद्रनाथ दत्त उभे राहिले. त्यांची मागणी छोटी होती: उर्दू आणि इंग्रजीबरोबर सभागृहात बंगालीही वापरता यावी. त्यांनी दिलेलं उदाहरण मला या सगळ्या वादाचं सार वाटतं. एका गरीब शेतकऱ्याचा मुलगा ढाका विद्यापीठात शिकतोय. बाप त्याला पैसे पाठवायला गावच्या टपाल कचेरीत जातो. फॉर्म उर्दूत. आता त्याने काय करायचं? लांबच्या शहरात जाऊन फॉर्म वाचून घ्यायचा आणि मग पैसे पाठवायचे. पंतप्रधान लियाकत अली खानांनी मागणीला विरोध केला. ती फेटाळली गेली.

महिनाभराने मोहम्मद अली जीना ढाक्यात आले आणि २१ मार्च १९४८च्या जाहीर सभेत त्यांनी सांगितलं की पाकिस्तानची राज्यभाषा उर्दूच असेल, दुसरी कोणतीही नाही. हे भाषण त्यांनी इंग्रजीत केलं. त्यांच्या घराण्याची भाषा गुजराती. उर्दूच्या बाजूने बोलणाऱ्या नेत्यालाही उर्दूत सभा घेता येऊ नये, यात त्या धोरणाची सगळी गंमत आली.

२१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात बंगालीसाठी निघालेल्या विद्यार्थ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. काही जण जागीच, काही नंतर मेले. १९५६च्या पाकिस्तानी घटनेत उर्दूबरोबर बंगालीलाही राज्यभाषेचा दर्जा मिळाला. पण तोवर मनात गाठ बसली होती आणि भाषेच्या अपमानाला आर्थिक अन्यायाची जोड मिळाली. १९७१मध्ये देश दुभंगला. धीरेंद्रनाथ दत्तांना त्याच वर्षी मार्चमध्ये पाकिस्तानी सैन्याने घरातून उचलून नेलं आणि मारलं. आज जगभर २१ फेब्रुवारी हा मातृभाषा दिन म्हणून पाळतात. युनेस्कोने तो १९९९मध्ये जाहीर केला.

७. पंधरा वर्षांत, म्हणजे कधी?

इथे कोणी म्हणेल, अल्पसंख्यांची भाषा राष्ट्रभाषा केली म्हणून बिनसलं. तसं नाही. इंडोनेशियाने सगळ्यांत मोठ्या गटाची जावानीज बाजूला ठेवून मलय निवडली, जी घरी बोलणारे फार थोडे होते. ती टिकली, कारण ती बंदरांची आणि बाजाराची भाषा होती आणि तिच्या मागे कोणताही सत्ताधारी गट ओळखू येत नव्हता. पाकिस्तानात उर्दूच्या मागे सत्तेचा चेहरा स्पष्ट दिसत होता.

उरलेल्या पाकिस्तानचं पुढे काय झालं? १९७३च्या घटनेच्या कलम २५१ने उर्दूला राष्ट्रभाषा म्हटलं आणि पंधरा वर्षांत सरकारी कामकाज तिच्यात आणण्याचं वचन दिलं. पंधरा वर्षं १९८८मध्ये संपली. सप्टेंबर २०१५मध्ये पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारला ते वचन पाळायला सांगितलं. तरीही वरिष्ठ कारभार, वरची न्यायालयं, चांगली नोकरी यांची भाषा इंग्रजीच आहे.

१९७३च्या घटनेआधी, १९७२मध्ये, सिंध प्रांताने सिंधीला अधिकृत दर्जा द्यायचं ठरवलं, तेव्हा कराचीत दंगली उसळल्या. उर्दूभाषकांना वाटलं आपलं जातंय, सिंध्यांना वाटलं आपलं आपल्या घरात येतंय. दोन्ही बाजूंची भीती खरी होती.

मात्र उर्दूला पुरतं अपयशी म्हणणंही अन्यायाचं होईल. पाकिस्तानच्या २०१७ आणि २०२३च्या जनगणनांत उर्दू मातृभाषा सांगणारे सात ते नऊ टक्के. पंजाबी सांगणारे त्यांच्या सुमारे चौपट किंवा त्याहून जास्त. पण पेशावरचा ट्रकचालक आणि कराचीचा हमाल बोलतात ते उर्दूतच. रेडिओ, टीव्ही, सिनेमा, बाजार यांनी ती पसरवली. संपर्काचं काम उर्दूने उत्तम केलं, प्रतिष्ठेचं काम लादल्यावर देश फुटला आणि कारभाराचं काम तिच्याकडे पुरतं आलंच नाही. दुसऱ्या भागात आपण कामं वेगळी केली ती एवढ्यासाठीच.

८. पातूरची पाटी आणि ताम्हिणीखालची शाळा

आता सत्ता नसलेली उर्दू पाहू. ती आपल्या राज्यात आहे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे ७५ लाख लोकांनी उर्दू ही मातृभाषा सांगितली. दर पंधरा माणसांमागे एक. मराठी आणि हिंदीनंतर तिसरा क्रमांक. देशात उत्तर प्रदेश आणि बिहारनंतर सर्वाधिक उर्दूभाषक आपल्याकडे आहेत. मालेगाव, भिवंडी, औरंगाबाद, नांदेड, मुंबईचा मोहम्मद अली रोड. बालभारती उर्दूतही पाठ्यपुस्तकं छापते.

अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या इमारतीवरच्या पाटीवर वर मराठी आणि खाली उर्दू असं नाव होतं. एका माजी नगरसेविकेने हरकत घेतली की २०२२च्या स्थानिक प्राधिकरण राजभाषा कायद्याप्रमाणे कामकाज फक्त मराठीत हवं. उच्च न्यायालयाने हरकत मानली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती सुधांशू धुलिया आणि के. विनोद चंद्रन यांनी निकाल दिला: कायद्याने मराठी सक्तीची केली आहे, इतर भाषेची जोड देण्याला बंदी घातलेली नाही. भाषा म्हणजे धर्म नव्हे आणि उर्दू याच भूमीत जन्मली, हेही त्यांनी विस्ताराने लिहिलं.

या पाटीने कोणाचं काही अडत होतं का? मराठी वाचणाऱ्याला मराठी दिसत होतं. उर्दू वाचणाऱ्याला उर्दू. पाटी म्हणजे ढाक्याच्या मनीऑर्डर फॉर्मच्या अगदी उलट गोष्ट. माझ्या मते निकाल योग्य आहे, आणि मराठीची बाजू त्याने काडीचीही लंगडी होत नाही.

आता मुळशीच्या पलीकडे, खाली कोकणात उतरू. ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळा, श्रीवर्धनकडे गेलं की कोकणी मुसलमानांची गावं लागतात. यांच्या घरी बोलली जाते ती कोकणी बोली, मराठीच्या कुळातली. मुलं मात्र अनेक ठिकाणी उर्दू माध्यमाच्या शाळेत जातात. या पोराचा हिशेब मांडा: घरी कोकणी, शाळेत उर्दू, राज्याच्या कायद्याने मराठी सक्तीची, शिवाय इंग्रजी, वरच्या वर्गात हिंदी. निजामाच्या काळी बीडच्या पोरावर जे ओझं होतं त्याच्या जवळपासचं ओझं आज या पोरावर आहे. फरक इतकाच की उर्दू शाळा त्याच्या आईबापांनी निवडलेली आहे आणि दाराबाहेर मराठी शाळेचाही पर्याय उघडा आहे. हा फरक लहान समजू नये.

९. पौडच्या शाळेत तिसरी भाषा

१६ एप्रिल २०२५ रोजी, म्हणजे पातूरच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी, महाराष्ट्र शासनाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य करणारा निर्णय काढला. ओरड झाली. १७ जूनला दुरुस्ती आली: अनिवार्य हा शब्द गेला, हिंदी ‘सर्वसाधारणपणे’ आली, आणि वर्गात किमान वीस विद्यार्थ्यांनी मागितली तर दुसरी भारतीय भाषा शिकवू असं ठरलं. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली.

मुंबईत यावर निदर्शनं आणि सभा झाल्या, टीव्हीवर अस्मितेची भाषणं झाली. मुळशीत बसून मला ती वीस विद्यार्थ्यांची अट जास्त बोलकी वाटते. धरणाकडेच्या वाड्यांवर जिल्हा परिषदेच्या शाळांत सगळे वर्ग मिळून पट विशीच्या आत असणं नवलाचं नाही. दोन शिक्षक, कधी एकच, आणि त्यांच्याकडे पोषण आहारापासून सर्वेक्षणापर्यंतची कामं. तिथे ‘एका वर्गात वीस’ ही अट म्हणजे नकारच. निवड हिंजवडीच्या मोठ्या शाळेला आहे. वाडीवरच्या मुलाला जे येईल ते.

आणि वाडीवर कातकरी मूल असेल तर? घटनेच्या कलम ३५०-क प्रमाणे भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं यासाठी राज्याने प्रयत्न करायचे आहेत. कातकरी बोलीत पहिलीचं संपूर्ण शिक्षण देणं आजच्या घडीला जमणारं नाही, हे मान्य. पण त्या मुलासाठी प्रमाण मराठी हीच दुसरी भाषा आहे हे धोरणाने ओळखायला हवं. त्यावर इंग्रजी पहिलीपासून आलीच. ती महाराष्ट्रात २०००पासून आहे. त्यावर हिंदी पहिलीला घातली असती तर सहा वर्षांच्या पोराच्या पाटीवर चौथी भाषा आली असती. मराठीच्या अभिमानाने बोलणाऱ्या आम्हा मंडळींना हे ऐकताना जरा अवघडल्यासारखं होतं, कारण इथे बीडच्या पोराच्या जागी कातकरी पोर आहे आणि उर्दूच्या जागी आपली मराठी.

मराठी हळू शिकवा, असा याचा अर्थ कोणी काढू नये. सातबारा मराठीत आहे, ग्रामसभा मराठीत आहे, आपल्या जमिनीचा फेरफार वाचता आला नाही तर कातकरी माणसाचं काय होतं हे मुळशीत जमिनीचे भाव पाहणाऱ्याला सांगायला नको. मराठी त्याला लागणारच आहे, आणि चांगली लागणार आहे. म्हणूनच पहिली दोन-तीन वर्षं त्याच्या बोलीचा हात धरून मराठी पक्की करणारा शिक्षक हवा. हिंदी त्याला पुढे हिंजवडीच्या बांधकामावर, रिक्षात, सिनेमात आपोआप येईल. आजवर महाराष्ट्रातल्या पुष्कळांना ती बरीचशी तशीच आली आहे.

शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे आणि तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तुमच्या गावच्या शाळेत ही समिती असेलच. तिच्या पुढच्या बैठकीला जा आणि राष्ट्रभाषेवर भाषण न करता दोन प्रश्न विचारा: तिसरीच्या किती मुलांना मराठी धडा न अडखळता वाचता येतो? आणि ज्यांना येत नाही, त्यांच्या घरी कोणती भाषा बोलतात, हे शाळेतल्या कोणाला ठाऊक आहे का? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या.